कोरड्या टाकीनंतर

‘गाडीने एअर घेतली’ हे तीन शब्दांचे निदान महाराष्ट्रातील हमरस्त्यांलगतच्या गॅरेजांतून पिढ्यान्‌पिढ्या उच्चारले जात आले आहे, आणि ज्या काळात ते रूढ झाले त्या काळी त्यामागोमाग उपायही तितक्याच थोडक्यात सांगता येत असे. आज मात्र निदान तेच राहिले असून उपायाबाबत चालक, रस्त्यावरचा मिस्त्री, कंपनीची पुस्तिका आणि अधिकृत वर्कशॉप या चौघांच्या कैफियती एकमेकींशी जुळत नाहीत. टाकीतील डिझेल संपून बंद पडलेली नव्या धर्तीची गाडी पुन्हा चालू कशी करावी, हा प्रश्न वरवर मामुली वाटतो. टाकीत डिझेल ओतावे आणि किल्ली फिरवावी, अशी सामान्य माणसाची समजूत असते, आणि पेट्रोलच्या गाडीपुरती ती बहुतांशी खरीही ठरते. डिझेलच्या गाडीला ती का लागू पडत नाही, पूर्वी काय करीत, आता काय करावे, आणि कोणत्या घाईने चार-पाचशे रुपयांच्या डिझेलाची चूक लाखाच्या घरात जाते, याची रुजवात एके ठिकाणी घालून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पेट्रोलच्या इंजिनात इंधनाला ठिणगी पेटवते; डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नाही. तेथे नुसती हवा सिलिंडरात घेतली जाते, दट्ट्या तिला पंधरा ते वीस पट चेपतो, त्या चेपण्याने ती पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापते, आणि अशा तापलेल्या हवेत डिझेलचा धुक्यासारखा फवारा नेमक्या क्षणी सोडला की तो आपोआप पेट घेतो. हा फवारा धुक्यासारखा होण्यासाठी डिझेलवर प्रचंड दाब असावा लागतो, आणि तेथेच सगळी मेख आहे. कारण द्रव पदार्थ जवळजवळ दाबला जात नाही, म्हणूनच तो एका टोकाला दिलेला दाब दुसऱ्या टोकाला इमानाने पोचवतो, पण नळीत हवेचा बुडबुडा अडकला तर पंपाची सारी मेहनत तो बुडबुडा चेपण्यात खर्ची पडते, पंपाचा दट्ट्या मागे फिरला की बुडबुडा पुन्हा पूर्ववत फुगतो, आणि इंजेक्टरपर्यंत दाब म्हणून काही पोचतच नाही. सायकलच्या पंपाचे तोंड अंगठ्याने बंद करून दांडा रेटून पाहिलेल्या माणसाला हा प्रकार समजावून सांगण्याची गरज नाही. साधारण मोटारीचे इंजिन उभ्या जागी संथ चालत असता एका सिलिंडराला एका वेळी लागणारे डिझेल पाण्याच्या एका थेंबाच्या पाचव्या ते दहाव्या हिश्शाइतके असते. त्या मापाने मोहरीएवढा बुडबुडा म्हणजे जवळजवळ अर्धा घास होय. पेट्रोलच्या सामान्य गाडीत टाकीतला विजेचा पंप तीन-चार वातावरणांइतक्या दाबावर काम करतो, नळीतली हवा इंजेक्टरमधून सहज बाहेर रेटून देतो, आणि दोन-तीन वेळा सेल्फ मारताच गाडी पूर्ववत होते. डिझेलच्या नशिबी ही सवलत नाही.

यात इतिहासाचा एक मौजेचा उलटफेर आहे. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९२ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ साली जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे त्यांचे इंजिन समाधानकारक रीतीने चालले, त्या इंजिनात इंधन सिलिंडरात ढकलण्याचे काम दाबलेली हवाच करीत असे. म्हणजे आज जी इंधनमार्गातील शत्रू मानली जाते ती आरंभी इंधनाची वाहक होती. पण त्यासाठी स्वतंत्र कॉम्प्रेसर लागे, तो अवजड असे, आणि म्हणून हे यंत्र दीर्घकाळ कारखान्यांत व जहाजांत बसून राहिले. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने १९२७ साली निव्वळ डिझेल दाबून फवारणाऱ्या पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले तेव्हा डिझेल इंजिन खऱ्या अर्थाने रस्त्यावर उतरले, १९३६ साली मर्सिडीज-बेंझची २६० डी ही मोटार आली, आणि हवेला इंधनाच्या नळीतून कायमची तडीपारी मिळाली. आपल्याकडे १९५४ नंतर जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज मालमोटारी बनू लागल्या, बंगळूरच्या मायको कंपनीचे पंप त्यांना बसू लागले, आणि पुढे नाशिकच्या सातपूर वसाहतीत नोझल व इंजेक्टर तयार होऊ लागल्यावर ‘मायको’ हे नाव इतके अंगवळणी पडले की कंपनीचे नाव बदलल्याला वर्षे लोटली तरी नाशिककर रस्ता सांगताना अद्याप मायको सर्कल असेच म्हणतात.

त्या जुन्या पंपाच्या गाडीची एअर काढणे हे काम मी प्रथम कसारा घाटात पाहिले. माझ्या मामांचा ट्रक होता, निफाडचा कांदा वाशीला जात असे, आणि सुटीत मला केबिनमध्ये बसण्याची मुभा असे. घाट उतरून परतीच्या चढणीला लागताना एका पहाटे इंजिनाने दोनदा खोकून दम सोडला; मामांनी क्लीनरकडे नुसते पाहिले, आणि क्लीनरने काही न बोलता मागचा डबा उचलला. डिझेल ओतून झाल्यावर त्याने फिल्टरच्या माथ्यावरचा स्क्रू दोन आटे सैल केला आणि फीडपंपाला असलेली छोटी मूठ अंगठ्याने खालीवर करू लागला. आधी नुसताच फुसफुसाट झाला. मग साबणाच्या फेसासारखे पांढरट डिझेल बुडबुडत आले. मग फेस विरळ होत गेला, आणि अखेर स्वच्छ, एकसंध धार मनगटावरून कोपरापर्यंत ओघळू लागली तेव्हा त्याने मूठ न थांबवताच दुसऱ्या हाताने स्क्रू आवळला. तोच प्रकार पंपावरच्या स्क्रूला झाला. नंतर इंजेक्टरांकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट त्याने पान्याने सैल केले, मामांनी सेल्फ मारला, एकेका नटाखालून डिझेल पिचकारू लागले तसतसा तो नट आवळला गेला, आणि तिसरा नट आवळताच इंजिन तीन पायांच्या बैलासारखे लंगडत का होईना पण चालू झाले. चौथ्या-पाचव्याला ते सुरळीत झाले. वीस मिनिटे लागली असतील. मामा एवढेच म्हणाले, “टाकीकडून तोंडाकडे जायचं पोरा, मधे उडी मारायची नाही.”

या एका वाक्यात जुन्या विद्येचा सगळा सिद्धांत आला होता, आणि तो आजही खोटा ठरलेला नाही. बदलले आहे ते ‘तोंडाकडचे’ शेवटचे पाऊल. नव्या गाडीत ते पाऊल हाताने टाकायचे नसते, इतकेच नव्हे तर टाकल्यास जिवावर बेतू शकते. जुन्या मंडळींच्या सल्ल्यात आणि आजच्या गरजेत पडलेले मुख्य अंतर हेच होय, आणि म्हणून त्या बदलाचे स्वरूप सविस्तर पाहणे अवश्य आहे.

जुन्या पंपात प्रत्येक सिलिंडरासाठी वेगळा दट्ट्या असे व तो आपापल्या नळीत आपापल्या वेळी दाब निर्माण करी. मागाहून आलेल्या रोटरी पंपात एकच दट्ट्या फिरत फिरत सर्वांना वाटप करी. दोन्हींत दाब क्षणापुरता उत्पन्न होई आणि क्षणात संपे. १९९५ साली जपानच्या डेन्सो कंपनीने हिनो ट्रकसाठी आणि १९९७ साली, फियाटच्या संशोधनाच्या आधारे, बॉशने अल्फा रोमिओ १५६ या मोटारीसाठी जी रचना बाजारात आणली तिने हा शिरस्ताच मोडला. येथे पंपाचे काम फक्त एका जाड पोलादी नळीत, म्हणजे रेलमध्ये, डिझेल भरून दाब कायम राखणे एवढेच. कोणत्या सिलिंडरात, केव्हा, किती वेळा आणि किती फवारायचे याचा हुकूम संगणक देतो आणि विजेवर चालणारे इंजेक्टर त्याची अंमलबजावणी करतात. सर्व सिलिंडरांना सामाईक अशी ही रेल, म्हणून तिचे नाव कॉमन रेल. आपल्याकडे ही रचना एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोटारींत रुजली, आणि पुण्याजवळच्या रांजणगाव येथे बनणाऱ्या फियाटच्या १.३ लिटरच्या इंजिनाने तर ती इतक्या निरनिराळ्या नावांच्या गाड्यांत पोचवली की लोक त्याला विनोदाने राष्ट्रीय इंजिन म्हणू लागले. पहिल्या पिढीत रेलमधील दाब १३५० बारपर्यंत जाई. आज तो दोन हजार बार आणि त्याच्याही पुढे गेला आहे. दोन हजार बार म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या, एक चौरस सेंटिमीटर जागेवर सुमारे दोन टनांचा भार.

आता या दाबाच्या नळीचा नट पान्याने सैल करून सेल्फ मारला तर काय होईल याची कल्पना करावी. इंजिन चालू नसताना, नुसत्या सेल्फवरही, रेलमध्ये दोन-तीनशे बारांचा दाब चढू शकतो. त्या दाबाची केसाएवढी बारीक धार कातडी फोडून आत शिरते, जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, आणि आत पसरलेले डिझेल काही तासांत ऊती मारू लागते. ही शस्त्रक्रियेची तातडीची बाब आहे, पट्टी बांधून घरी जाण्याची नव्हे. तेव्हा जुन्या ट्रकवर शिकलेला मिस्त्री सवयीने पाना उचलू लागला तर त्याला हात जोडून थांबवावे, यात त्याचा अपमान नाही. शिवाय कित्येक कंपन्या एकदा सोडलेली उच्चदाबाची नळी पुन्हा वापरण्यासच हरकत घेतात, कारण तिचे तोंड एकदा बसले की दुसऱ्यांदा तितके चपखल बसत नाही.

दुसरा धोका अदृश्य आणि म्हणून अधिक महागडा आहे. इंजिनाला ऑइल असते, गिअरबॉक्सला ऑइल असते. परंतु कॉमन रेलच्या उच्चदाब पंपाचे स्नेहन खुद्द त्यातून वाहणारे डिझेलच करते. त्याच्या दट्ट्यांतील फट दोन-तीन मायक्रॉनांची, म्हणजे माणसाच्या केसाच्या विसाव्या भागाहूनही कमी, आणि तेथे डिझेलचा पातळ पापुद्रा नसेल तर धातूवर धातू घासू लागतो. टाकी कोरडी पडताना पंप काही क्षण फेसाळ डिझेलावर फिरतो तेवढ्याने सहसा बिघडत नाही. बिघडते ते त्यानंतर, जेव्हा चिडलेला किंवा घाबरलेला चालक कोरडा पंप सेल्फवर मिनिट-मिनिट फिरवत राहतो. घासून निघालेला धातूचा कीस डिझेलबरोबर रेलमध्ये जातो, रेलमधून इंजेक्टरांत जातो, आणि इंजेक्टरांतून परतीच्या नळीने पुन्हा टाकीत येतो, कारण पंपाने उचललेले सगळेच डिझेल जळत नाही, बरेचसे फिरून टाकीत पडते. सबब एकटा पंप बदलून भागत नाही. पंप, रेल, इंजेक्टर, नळ्या आणि टाकीची सफाई असा तो जमाखर्च होतो. या विषयावर जेवढी मते मी ऐकली त्यांपैकी कोणतेही प्रमाण मानले तरी एवढे निर्विवाद राहते, की हानी टाकी रिकामी होण्याने फारशी होत नाही, ती पुढच्या दहा मिनिटांत होते.

मग करायचे काय? येथे पुस्तिकांत मतभेद दिसतो तो वस्तुतः रचनांतील भेद आहे. काही गाड्यांत टाकीतच विजेचा पंप असतो. किल्ली ‘ऑन’वर नेली की तो काही सेकंद चालतो आणि सेल्फ न मारल्यास आपोआप थांबतो. अशा गाडीत किल्ली ऑन करून तो गुणगुणाट संपेपर्यंत थांबावे, बंद करावी, पुन्हा ऑन करावी, आणि हे चार-पाच वेळा केल्यावरच सेल्फला हात लावावा. काही गाड्यांत टाकीत पंप नसतो, उच्चदाब पंपाच्याच पाठीवर बसवलेला छोटा पंप टाकीतून डिझेल ओढतो. त्याला कोरड्या नळीतून ओढणे जड जाते, म्हणून तेथे हाताची सोय दिलेली असते, टोयोटा इनोव्हाच्या जुन्या पिढीत फिल्टरच्या माथ्यावरची दाबायची टोपी, तर इतर कित्येकांत नळीमध्येच बसवलेला काळा रबरी फुगा. तिसऱ्या प्रकारात दोन्हींपैकी काही सापडत नाही, आणि प्रायमिंगचा, म्हणजे नळ्यांतली हवा काढून डिझेल भरून घेण्याचा, हुकूम वर्कशॉपमधल्या स्कॅनरमार्फत संगणकालाच द्यावा लागतो. आपली गाडी या तिहींतील कोणती याची खातरजमा बहुतेक मालक रस्त्यात थांबल्यावर करतात, आणि मीही त्याला अपवाद ठरलो नाही.

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि त्यानंतरच्या आरंभीच्या काळात त्यावर वाटेत सोयी फार विरळ होत्या. पुतण्या गाडी चालवीत होता, मी शेजारी होतो. पडद्यावर आणखी ४० किलोमीटर पुरेल इतके डिझेल असल्याचा आकडा दिसत होता आणि त्या आकड्यावर आमचा दोघांचाही शासकीय दाखल्याइतका विश्वास होता. तो आकडा मागच्या काही अंतरावरील खपावरून काढलेला असतो. आम्ही गावातल्या संथ रस्त्यांवरून नुकतेच महामार्गावर चढून ताशी १२० च्या मर्यादेला चिकटलो होतो, तेव्हा खप वाढला आणि ४० चे २५ सुद्धा झाले नाहीत. सिंदखेडराजाच्या अलीकडे गाडी दोन-तीन हिसके देऊन बंद पडली. त्याच क्षणी स्टिअरिंग जड झाले आणि ब्रेकचा पाय दुसऱ्या दाबाला दगडासारखा कठीण लागला, कारण डिझेल गाडीत ब्रेकला मदत करणारा निर्वात पंप इंजिनावरच फिरतो, आणि इंजिन थांबल्यावर साठ्यात एक-दोन दाबांपुरतीच मदत उरते. घाटात डिझेल संपण्याचे हे भय डिझेलच्या किमतीहून कितीतरी मोठे आहे.

दोन तासांनी गोडेतेलाच्या प्लास्टिकच्या डब्यातून पाच लिटर डिझेल मिळाले. पुतण्याने ते ओतले आणि सेल्फ मारला, पुन्हा मारला, तिसऱ्यांदा लांबवर मारला. मागे एक पिकअप येऊन थांबला होता, त्याचा चालक उतरून आला आणि खिडकीशी वाकून म्हणाला, “काका, आधी ते सेल्फ मारणं थांबवायला सांगा त्याले. पंप कोरडा फिरून राहिला तुमचा.” त्याने बॉनेट उघडले, नळीवर बोटे फिरवीत तो फुगा शोधून काढला, आणि माझा हात धरून त्याच्यावर ठेवला. रक्तदाब मोजण्याच्या यंत्राला असतो तसा तो फुगा, दाबताना आधी अगदी पोकळ लागत होता, जणू आत कोणी नाहीच. पंधरा-वीस दाबांनंतर आत काहीतरी खळखळल्यासारखे जाणवू लागले. तिसाव्या-पस्तिसाव्या दाबाला तो जड झाला, आणि पन्नाशीच्या आसपास इतका टणक झाला की अंगठ्याने चेपेना. “आता मारा,” तो म्हणाला, “दहा मोजा अन्‌ सोडा. नाही झाली तर मिनिटभर थांबा.” पहिल्या खेपेस काही झाले नाही. दुसऱ्या खेपेस आठव्या आकड्याला इंजिन एका सिलिंडरावर धडपडले, पांढरा धूर सोडला, आणि हळूहळू बाकीचे सिलिंडर त्याला येऊन मिळाले. ॲक्सिलरेटर देऊ नका आणि पंपावर पोचेपर्यंत बंद करू नका, अशी ताकीद देऊन तो गृहस्थ पैसे न घेता निघून गेला. कसारा घाटातील स्क्रूखालची धार आणि हा टणक झालेला फुगा या दोन खुणांचा अर्थ एकच आहे. पहिली डोळ्याला दिसत असे, दुसरी तळहाताला कळते.

दहा मोजून सोडण्याच्या त्याच्या नियमाला भक्कम आधार आहे. सेल्फची मोटर अल्पकाळाच्या प्रचंड भारासाठी बनवलेली असते आणि लांबवर फिरवल्यास जळते. एवढेच नव्हे, तर बॅटरी उतरत गेली की इंजिन सेल्फवर फिरण्याचा वेग घटतो, वेग घटला की रेलमधील दाब चढत नाही, आणि बहुतेक रचनांत सुमारे दीडशे ते अडीचशे बारांपर्यंत दाब चढल्याखेरीज संगणक इंजेक्टरांना उघडण्याचा हुकूमच देत नाही. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नानंतर एअर निघाली असली तरी बॅटरी उतरल्यामुळे गाडी चालू होत नाही, आणि माणूस मात्र एअरच शोधत बसतो. काही पुस्तिका एका खेपेस तीस सेकंदांची परवानगी देतात. हाताने भरपूर प्रायमिंग झाले असेल तर तीही चालते, झाले नसेल तर दहा सेकंदही जास्तच. चार-पाच प्रयत्नांनी यश न आल्यास थांबून स्कॅनर बोलवावा. तो बहुधा पी-००८७ असा कोड दाखवील, ज्याचा अर्थ रेलमधील दाब अपुरा एवढाच. हा कोड पंप खराब झाल्याचा पुरावा समजून नव्या पंपाचा अंदाजखर्च हाती ठेवणारे वर्कशॉप भेटल्यास, आधी एअर काढून मग बोला, असे सांगण्याइतका धीर मालकाने ठेवावा.

धक्का मारून किंवा दोरीने ओढून गाडी चालू करण्याचा जुना रिवाज येथे निरुपयोगी आहे. संगणकाला दाब दिसेपर्यंत धक्क्याचा उपयोग नाही, आणि तो दिसल्यावर धक्क्याची गरज नाही. हवेच्या तोंडाशी ईथरचा फवारा मारण्याचा एक आडदांड प्रकार काही ठिकाणी चालतो. ज्या इंजिनात ग्लो प्लग तापलेले आहेत तेथे हा फवारा अवेळी भडकून दट्ट्या फोडू शकतो; त्याविषयी यापेक्षा अधिक लिहिण्याची गरज नाही.

फिल्टरबाबतचा वाद मात्र खरोखर विचार करण्याजोगा आहे. नवा किंवा रिकामा फिल्टर बसवण्यापूर्वी त्यात डिझेल ओतून भरून घ्यावा म्हणजे एअर कमी राहते, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष म्हणतो, असे वरून ओतलेले डिझेल गाळलेले नसते आणि त्यातील कण थेट उच्चदाब पंपात जातात. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि तोड साधी आहे: ओतायचे तर फिल्टरच्या आवक बाजूने ओतावे, म्हणजे ते कागदातून गाळूनच पुढे जाईल, मधल्या, जावक बाजूच्या छिद्रातून कदापि ओतू नये. कोणती बाजू कोणती हे कळत नसेल तर रिकामाच बसवावा आणि फुगा आणखी शंभर वेळा दाबावा.

टाकी तळाला गेली की तळाचा कचरा ओढला जातो, ही समजूत अर्धीच खरी आहे. डिझेल उचलणारी नळी टाकी भरलेली असतानाही तळाशीच असते, तेव्हा कचरा रोजच उचलला जातो व फिल्टर त्यासाठीच आहे. पाण्याची गोष्ट निराळी, कारण ते डिझेलहून जड असल्याने तळाशी साचते. त्याहून मोठा धोका बाहेरून येतो, तो डब्यातून. अडचणीच्या वेळी मिळालेल्या डब्यात पूर्वी काय होते ते कोणी विचारत नाही. डिझेलची थोडी साठवण १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याखाली परवान्यावाचून करता येते, पण पाण्याच्या बाटलीत डिझेल द्यायला बहुतेक पंपवाले नकार देतात, आणि मला तो नकार रास्त वाटतो. गाडीत एक स्वच्छ, झाकणाचा, खास इंधनाचा डबा आणि नरसाळे रिकामेच ठेवणे याला कोणाचीही हरकत नाही. किती ओतावे याचेही उत्तर परिस्थितीवर आहे. काही गाड्यांत पंप कोरडा पडू नये म्हणून संगणकच थोडे डिझेल शिल्लक असताना इंजिन बंद पाडतो, आणि चार-पाच लिटर पडल्याचे मापकाला दिसेपर्यंत पुन्हा चालू होऊ देत नाही. तेथे दोन लिटरची बाटली ओतून कपाळाला हात लावणारे लोक मी पाहिले आहेत. गाडी चढावर तोंड करून उभी असेल तर ओतलेले डिझेल टाकीच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन बसते आणि नळीचे तोंड उघडेच राहते, म्हणून तेथे पाचाऐवजी दहा लिटर धरावे.

काटकसर म्हणून किंवा सवयीने रॉकेल मिसळण्याचा प्रकार जुन्या इंजिनांनी सहन केला, नवी करणार नाहीत. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मानकाने डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आणले. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा अंगचा बुळबुळीतपणाही जातो, तो शुद्धीकरण कारखान्यात वेगळे द्रव्य घालून भरून काढतात, आणि रॉकेल ती भरपाई पुन्हा पातळ करते. त्याच मानकाने आणखी एक टाकी आणली, ३२.५ टक्के युरियाच्या द्रावणाची, जिला लोक डीईएफ किंवा नुसते युरिया म्हणतात. तिची टाकी संपल्यावर ट्रकचा जोर घटतो, आणि बऱ्याच लहान गाड्या अनेक इशाऱ्यांनंतर पुढच्या वेळी चालू होण्यास नकार देतात. यात एअरचा काही संबंध नाही, हा संगणकाचा दंड आहे, आणि तेथे फुगा दाबत बसणे व्यर्थ. याच्या उलट, घाईत हे द्रावण डिझेलच्या टाकीत ओतले गेल्यास किल्लीसुद्धा फिरवू नये.

जुनी विद्या अजून संपूर्ण मोडीत निघालेली नाही. हर्णै किंवा मिरकरवाडा बंदरातील कितीतरी मच्छीमार नौकांत अद्याप जुन्या पंपाची इंजिने आहेत, आणि भर समुद्रात एअर काढणारा खलाशी आजही स्क्रू, मूठ आणि पाना यांवरच विसंबतो. ट्रॅक्टरचे मात्र रूप पालटत आहे. ५० अश्वशक्तीच्या वरील ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून नवे प्रदूषण मानक लागू झाले आणि त्यासरशी कॉमन रेल शेतात आली. ज्या शेतकऱ्याने उभी हयात इंजेक्टरचे नट सैल करून ट्रॅक्टर चालू केला त्याच्या हातात आता नळीचे तेच नट, पण दसपट दाबाचे आले आहेत, आणि विक्रीच्या वेळी ही गोष्ट त्याला नीट समजावून सांगितली जावी अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

आमच्या गाडीचा फिल्टर मी आठवडाभराने गावच्या मिस्त्रीकडून उघडवला. त्याने आतले डिझेल एका पांढऱ्या चिनी मातीच्या बशीत ओतले, बशी उन्हात नेऊन तिरकी केली, आणि चांदीसारखी चमक कुठे दिसते का ते बराच वेळ न्याहाळले. चुंबक फिरवून उपयोग नाही, म्हणाला, ॲल्युमिनियमचा कीस त्याला चिकटत नाही. चमक दिसली नाही. बशीच्या काठाशी चमचाभर पाणी मात्र वेगळे होऊन उभे होते, आणि नाकाशी नेल्यावर डिझेलाच्या उग्र वासाखालून शेंगदाणा तेलाचा वास येत होता.